घरघरणारा रेडिओ मेलेला नसतो

संपादक महोदय,
मर्फी, बुश, फिलिप्सच्या जुन्या लाकडी रेडिओंतले व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या काचेच्या नळ्या), कॉइल, ट्रान्सफॉर्मर उपटून आत ब्लूटूथ बसवायची टूम निघाली आहे. मालकांचे कारण एकच, 'नुसता घरघरतो हो.' रेडिओदुरुस्तीवर संसार केलेला माणूस म्हणून सांगतो, त्या घरघरीतच बिघाडाचा पत्ता असतो.

व्हॉल्यूम पूर्ण खाली करा. घरघर तशीच राहिली तर बहुधा फिल्टर कंडेन्सर, म्हणजे आतल्या विजेतले चढउतार सपाट करणारा भाग, सुकलेला असतो. तेवढ्याच मायक्रोफॅरड क्षमतेचा, व्होल्टेजला कमी नसलेला नवा घातला की काम होते. व्हॉल्यूमबरोबर घरघर वाढत असेल तर दोष व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधीच्या भागात शोधायचा. कानही वापरा. आपली वीज ५० हर्ट्झची. फुल-वेव्ह रेक्टिफायरच्या (एसी लहरीच्या दोन्ही बाजू वापरून डीसी करणाऱ्या) सेटमध्ये कंडेन्सर गेला की घरघर १०० हर्ट्झची येते. ती एक सप्तक खाली, म्हणजे ५० हर्ट्झची ऐकू आली तर मी आधी व्हॉल्व्हमधला हीटर आणि तो तापवतो तो कॅथोड यांच्यामधली विजेची गळती तपासतो. मेकॅनिक सरसकट सगळे व्हॉल्व्ह बदलायला सांगतात, ते मला पटत नाही. व्हॉल्व्ह पुष्कळदा धडधाकट असतात.

खरखरीचे निराळे. बटण फिरवतानाच ती होत असेल तर व्हॉल्यूम कंट्रोल साफ करून घ्या. पण मीडियम वेव्हवरची अखंड खरखर अलीकडे घरातूनच येते. बॅटरीचा ट्रान्झिस्टर पुणे केंद्रावर, ७९२ किलोहर्ट्झवर लावा आणि मेन स्विच पाडा. आवाज स्वच्छ झाला तर रेडिओ निर्दोष आहे. स्वस्तातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर एकेक लावून गुन्हेगार शोधा.

मात्र माळ्यावर वर्षानुवर्षे पडलेला सेट काढला आणि थेट प्लगमध्ये खुपसला, असे कृपा करून करू नका. कंडेन्सर शॉर्ट असेल तर रेक्टिफायर आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही जळतात, आणि ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून देणारे कारागीर आता शोधावे लागतात. आधी चाळीस-साठ वॅटच्या साध्या पिवळ्या बल्बच्या सिरीजमध्ये, म्हणजे वीज बल्बमधूनच सेटला जाईल असा, लावून पाहा. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. एसी-डीसी सेटमध्ये (मेन ट्रान्सफॉर्मर नसलेल्या) तर चासीवरच, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्यावरच, फेज येऊ शकतो, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात. त्यामुळे मागचा पुठ्ठा जाणकाराशिवाय कोणी उघडू नये.

– एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक, पुणे