माझ्या घरच्या कार्यशाळेचा पाया घालून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या हाती नेऊन दिले असते तरी चालले असते. पण तुम्ही मला जे शिकवलेत ते घरी सुतारकाम सुरू करू पाहणाऱ्या आणखी कितीतरी जणांच्या उपयोगी पडेल, म्हणून ते सर्वांसमोर लिहीत आहे. शिवाय समोर बसून आभार मानू लागलो की तुम्ही लगेच विषय बदलता.

त्या दुपारी टेबल सॉवरून, म्हणजे टेबलातून गोल पाते वर आलेल्या विजेच्या करवतीवरून, उडालेली फळी माझ्या पोटावर आदळली आणि तो आवाज ऐकून तुम्ही धावत आलात. आल्या आल्या तुम्ही आधी भिंतीवरचा प्लग काढलात आणि मग मला कुठे लागले आहे ते विचारलेत. रागावला नाहीत. जमिनीवर पडलेली फळी उचलून तुम्ही उलटी केलीत आणि तिच्या खालच्या अंगावर उमटलेला कमानीसारखा करपट ओरखडा मला दाखवलात. फळी लांबीत चिरताना लाकडातला ताण मोकळा होतो, चीर मिटू लागते आणि लाकूड पात्याच्या मागच्या भागाला चिमटून बसते. तिथले दाते खालून वर येत असल्यामुळे ते फळीला उचलतात आणि कापणाऱ्याच्या दिशेने भिरकावतात, हे सारे तुम्ही त्या एका ओरखड्यावरून बोट फिरवत समजावलेत. १० इंच व्यासाचे पाते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर त्याच्या दात्यांचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर भरतो, हा हिशेब मी त्याच रात्री मांडून पाहिला आणि मला बराच वेळ झोप लागली नाही.

चीर मिटू नये म्हणून पात्याच्या मागे जी दुभाजक पट्टी असते, ती माझ्या यंत्रावर पात्यापेक्षा उंच असल्यामुळे खाच पाडताना आड येत होती. मी ती काढून ठेवली होती आणि परत बसवली नव्हती. एवढ्याशा आळसापायी पोटावरचा काळानिळा डाग पंधरा दिवस टिकला. तुम्ही ती पट्टी माझ्याच हातांनी परत बसवायला लावलीत, फळी ज्या आडपट्टीला टेकवून पुढे सरकवायची ती पात्याशी समांतर आहे की नाही हे पुढून आणि मागून मोजायला लावलेत, आणि पात्याच्या रेषेत उभे न राहता थोडे बाजूला कसे उभे राहावे हे माझे खांदे धरून दाखवलेत. त्यानंतर म्हणालात, "आता तीन महिने हे यंत्र झाकून ठेव. आधी कामाचे टेबल कर, आणि धार लावायला शीक."

खरे सांगायचे तर तेव्हा मला वाईट वाटले होते. पैसे साठवून घेतलेले यंत्र झाकून ठेवायचे आणि हातकरवतीने फळ्या कापत बसायचे, याचा अर्थ त्या वेळी मला कळला नव्हता. आज वाटते की माझी कार्यशाळा त्या तीन महिन्यांतच उभी राहिली.

टेबलाची उंची तुम्ही फुटपट्टीने ठरवली नाहीत. मला ताठ उभे केलेत, हात सैल सोडायला सांगितलेत आणि मनगटाच्या घडीशी पेन्सिलीची खूण केलीत. रंधा मारताना शरीराचा भार वरून पडला पाहिजे, नाहीतर सगळा जोर खांद्यांवर येतो, हे पहिल्याच दिवशी अंगाला समजले. पायांना तिरक्या पट्ट्या ठोकून घ्यायला लावल्यात, कारण हलणाऱ्या टेबलावर कापले जाणारे लाकूडही हलते आणि हत्यार नको तिथे सरकते. टेबल खिडकीशी अशा बेताने लावलेत की उजेड डावीकडून यावा आणि माझ्याच हाताची सावली खुणेच्या रेघेवर पडू नये.

पण सर्वांत जास्त वेळ तुम्ही धारेला दिलात, आणि माझ्या मते तेच योग्य होते. नवी कोरी पटाशी, म्हणजे लाकूड तासायची छिन्नी, धारदारच असते अशी माझी समजूत होती. तुम्ही आधी तिची सपाट पाठ दगडावर घासून आरशासारखी करायला लावलीत, कारण धार म्हणजे दोन पृष्ठभागांची भेट आणि त्यांपैकी एक जरी खडबडीत राहिला तरी दुसऱ्यावरची मेहनत वाया जाते. मग २५ अंशांचा उतार, टोकाशी ३० अंशांची बारीकशी कड. दगड १,००० चा, नंतर ४,००० चा, शेवटी ८,००० चा; आकडा जितका मोठा तितका दगड बारीक. प्रत्येक वेळी पात्याच्या पाठीवर अंगठा आडवा फिरवून धारेची कड दुमडून बारीक मुरड आली आहे का ते पाहायचे, आणि ती धारेच्या संपूर्ण रुंदीवर जाणवल्याखेरीज पुढचा दगड घ्यायचा नाही. धारेची परीक्षाही तुम्ही मऊ लाकडाच्या आडव्या छेदावर घ्यायला लावलीत. कठीण लाकडावर मध्यम धारही खपून जाते. मऊ लाकडाचे तंतू मात्र बोथट पटाशीखाली चिरडतात आणि तिथे खड्डे पडतात. ज्या दिवशी त्या छेदावरून अखंड, पातळ सालपट निघाले आणि खालचा भाग मेणासारखा चमकला, त्या दिवशी तुम्ही ते सालपट उजेडात धरून पाहिलेत आणि काहीही न बोलता माझ्या हातावर ठेवलेत.

धारदार हत्यारापेक्षा बोथट हत्यार जास्त धोक्याचे, हे वाक्य मी वाचले होते. त्याचे कारण तुम्ही हाताला पटवून दिलेत. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, आणि जोराने घसरलेले पाते थांबवता येत नाही. म्हणून लाकूड क्लॅम्पमध्ये आवळायचे आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवायचे. डाव्या हाताने तुकडा धरून उजव्या हाताने पटाशी चालवताना तुम्ही मला तीनदा थांबवलेत. चौथ्यांदा थांबवावे लागले नाही.

धुळीबद्दल मी बेफिकीर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या भुश्याची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली, आणि नाकाच्या पोकळीच्या कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध झालेला आहे, हे मला ठाऊक नव्हते. जमिनीवर पडलेला भुसा दिसतो, पण फुफ्फुसात खोल उतरणारी धूळ डोळ्यांना दिसतच नाही. पॉलिश पेपर मारून झाला की मी मास्क काढत असे आणि झाडू घेत असे. म्हणजे धूळ हवेत सर्वांत जास्त असताना नाक उघडे. आता मी झाडूऐवजी व्हॅक्यूम वापरतो आणि यंत्र बंद झाल्यावरही अर्धा तास मास्क ठेवतो. कानांचेही तसेच. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसता येतो असे धरले, तर दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होत जाते आणि १०० डेसिबलला, म्हणजे लाकडात खाचा आणि नक्षीदार कडा पाडणाऱ्या राउटर यंत्राच्या आवाजाच्या आसपास, ती जेमतेम १५ मिनिटे उरते.

फिरत्या यंत्राजवळ हातमोजे घालू नयेत, हे तुम्ही सांगितलेत तेव्हा मला उलटेच वाटले होते. हातमोजा त्या दात्यांपासून वाचवू शकत नाही, पण त्याचा एक धागा अडकला तर अख्खा हात आत ओढला जातो. अंगठी, गळ्यातली साखळी आणि सैल बाही यांनाही तेव्हापासून माझ्या दारात प्रवेश नाही.

आणि जवसाच्या तेलाने भिजलेल्या कापडाचा तो बोळा. पहिले स्टूल तेल लावून पूर्ण झाल्याच्या आनंदात मी तो चुरगळून भुश्याच्या डब्यात टाकायला निघालो होतो आणि तुम्ही माझे मनगट धरलेत. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन सुकते, त्यात उष्णता निर्माण होते, आणि चुरगळलेल्या कापडात ती कोंडून काही तासांत आपोआप आग लागू शकते. तुम्ही तो बोळा उलगडून बाहेर, मोकळ्या हवेत, दगडावर एकेरी पसरलात. त्या रात्री घरात माझी मुले झोपलेली होती. काका, बाकी कशाचे आभार मानायचे राहून गेले तरी चालेल, पण त्या एका क्षणाचे राहू नयेत.

आता यंत्रावरचे आच्छादन निघाले आहे. पाते बदलण्याआधी प्लग काढून तो डोळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवतो, अरुंद पट्टी ढकलायला काठी वापरतो, आणि दमलो असेन तर "एवढा शेवटचा तुकडा" कापत नाही.

तुमचा गुण्या, काटकोन तपासायचा तो, अजून माझ्याकडेच आहे. गेल्या आठवड्यात तो टेबलावरून खाली पडला आणि माझ्या काळजाचा ठोका चुकला. तुम्ही शिकवल्याप्रमाणे सरळ कडेला लावून एक रेघ ओढली, गुण्या पालथा करून त्याच जागेवरून दुसरी ओढली. दोन्ही रेघा एकमेकींवर तंतोतंत बसल्या. तुमची हरकत नसेल तर तो आणखी थोडे दिवस राहू द्यावा, कपाटाची दारे अजून बसवायची आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
शेजारचा विद्यार्थी