काका, दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत

काका,

हे पत्र तुम्हाला आवडणार नाही. "कामून लिहायलास हे सगळं? त्यापरीस कार्बोरेटर साफ कर," असंच म्हणाल. म्हणून तुमचं नाव टाकत नाही. वाळूजकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. डावा हात अजून गळ्यात आहे, उजव्या अंगठ्याने टाइप करतोय, तेव्हा चुका पोटात घाला.

आधी मागचं थोडं. दोन वर्षांपूर्वी बापाने कापसाचे पैसे एका मोठ्या शहरातल्या मोटरसायकल शर्यतीच्या टीमच्या हाती ठेवले. वर्षभराच्या शर्यती, नवे टायर, शिकवायला माणूस, सगळं कबूल केलेलं. टायर मिळाले ते दुसऱ्याने घासून टाकलेले. सरावात पडलो, मनगट सुजलं, तेव्हा त्यांच्या मॅनेजरचा पहिला प्रश्न होता, "गाडी कुठंय?" दुसरा प्रश्न आलाच नाही. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर बिल आलं. पुढे गावाकडच्या एका पुढाऱ्याने गणपतीच्या स्टेजवर मला शाल घालून मदत जाहीर केली. चौकात फ्लेक्स लागला. त्यात माझा फोटो साहेबांच्या खिशाएवढा. शाल घरी आहे, मदत अजून स्टेजवरच आहे.

मग तुम्ही. ना शाल, ना कबुली. "रविवारी ये, पंक्चर काढता येतं का बघू," एवढंच. गॅरेजातच दोन गाड्यांची टीम, एक जुनी पिकअप, आणि भिंतीवर ग्रीस लागून काळा पडलेला तो इटालियन माणसाचा फोटो. मला वाटलेलं, तुमच्या साडूचा असेल.

फाउस्तो ग्रेसिनी कोण हे मला पिकअपमध्ये कळलं. शर्यतीसाठी चेन्नईकडे निघालं की गेवराईच्या फाट्यावर मला उचलायचं आणि बीड मागे टाकून मांजरसुंब्याचा घाट चढायला लागलो की तुमचं सुरू. इमोला गावचं पोरगं. १२५ सीसी मोटरसायकलच्या शर्यतीत १९८५ साली जगज्जेता, गारेल्ली कंपनीच्या टू-स्ट्रोक गाडीवर. "आपल्याकडं आरएक्स-१०० आली त्याच साली!" हे वाक्य तुम्ही प्रत्येक फेरीत म्हणता, जणू दोन्ही गोष्टी एकाच मुहूर्ताला ठरल्या होत्या. मग १९८७. वर्षाच्या ११ शर्यती, त्यातल्या १० त्याने मारल्या. अकरावी हातची गेली. तुम्हाला त्या दहांपेक्षा त्या अकरावीचंच जास्त वाईट वाटतं, हे माझ्या सोलापूर येईपर्यंत लक्षात आलं होतं.

पण तुमचा खरा ग्रेसिनी हेल्मेट काढल्यानंतरचा. १९९४ ला शर्यती थांबवल्या, १९९७ ला स्वतःची टीम काढली. २००१ ला त्याच्या टीमच्या दाइजिरो कातोने २५० सीसीची जागतिक स्पर्धा जिंकली, एका मोसमात ११ विजय. इथवर तुमचा आवाज मोठा असतो. पुढे २००३ ची जपानमधल्या सुझुकाची शर्यत येते आणि तुम्ही उगीच गिअर बदलता. ६ एप्रिलला कातो पडला, २० तारखेला गेला. आणि २७ तारखेला दक्षिण आफ्रिकेत वेल्कमला त्याच टीमच्या सेते जिबर्नाऊने शर्यत जिंकली. २०११ च्या ऑक्टोबरात मलेशियात सेपांगला मार्को सिमोंचेली शर्यतीत पडून गेला. तोही त्याचाच. दोन पोरं. मी विचारलं होतं, एवढं झाल्यावर माणूस हा धंदा करतोच कसा? तुम्ही बराच वेळ बोलला नाहीत. मग म्हणालात, "शटर पाडून बसला असता तर बाकीच्या लेकरांनी कुठं जायचं?"

माझ्या पडण्याबद्दल फार सांगत नाही. चेन्नईजवळचा ट्रॅक, उजवं वळण, मागचं चाक सटकलं, चूक माझी. ब्रेक सोडायला उशीर केला. कॉलर बोन गेलं. गाडी माझ्यापुढे घसरत गेली आणि मी पडल्या पडल्या तिचे तुकडे बघत होतो: लिव्हर गेलं, फुटरेस्ट गेलं, फोर्क वाकडा. तिच्यावर तुमचे किती हप्ते बाकी आहेत हे मला माहीत होतं. मेडिकलच्या खोलीत पडल्या पडल्या मी एकच वाक्य घोकत होतो, "काका, मी भरून देतो."

खिडकीतून दिसलं. पोरं गाडी ट्रॉलीवर घालून आणत होती आणि तुम्ही समोरून येत होता. ट्रॉली तुमच्या बाजूने गेली. तुम्ही मान वळवली नाही. मी नीट पाहिलंय, काका, एकदासुद्धा नाही.

आत आलात आणि फरशीवर बसलात. तुमचा उजवा गुडघा तुमच्याच जुन्या पडझडीपासून वळत नाही, म्हणून तो पाय सरळ पसरून, एखादी बाई जात्यावर बसते तसे. माझ्या बुटाची चेन अडकली होती. शेजारी कात्री पडली होती, तरी तुम्ही ती घेतली नाही. नवीन बूट मला परवडायचे नाहीत हे तुम्हाला ठाऊक होतं. नखाने एकेक दात सोडवत चेन उघडलीत. बूट उलटा करून खडी झटकलीत. मोजा काढलात, माझ्या पायाचा वास काय असेल त्या उन्हात, आणि एकेक बोट चिमटीत धरून हलवायला लागलात. "हे लागतंय? हे?" आधी डावा, मग उजवा. मोजत होता तुम्ही. करंगळीशी आलात आणि म्हणालात,

"दहा. ग्रेसिनीचेबी दहाच होते."

मी हसलो, हाड दुखलं, आणि मग जे रडायला आलं ते दुखण्याचं नव्हतं. "भरून देतो" हे वाक्य तसंच राहिलं.

नंतर आईला फोन लावलात. "ताई, पोरगं चहा मागायलंय," म्हणालात. मी चहा मागितला नव्हता. आई आजही शेजारणीला सांगते, पडलं तरी चहा मागत होतं लेकरू.

आपल्याकडे मदत करणारा आधी फोटोवाला शोधतो. तसे नसलेले लोकही असतात, पण बहुतेक कुठल्या तरी खोलीत खाली फरशीवर बसलेले असतात, त्यामुळे दिसत नाहीत. ग्रेसिनीने कातोचे बूट कधी काढले होते का, मला माहीत असायचं कारण नाही. पण जो स्वतः घसरत गेलाय तो आधी कुठे बघतो, हे मला आता माहीत आहे.

काकूंचंही राहून जायला नको. ग्रेसिनी २०२१ च्या फेब्रुवारीत कोरोनाने गेला त्या दिवशी तुम्ही दुपारीच शटर ओढलंत. ही गोष्ट तुम्ही नाही, काकूंनी सांगितली. पुढे त्याच्या बायकोने, नादिया पादोवानीने, टीम हातात घेतली आणि २०२२ ची पहिलीच शर्यत कतारला एनेआ बास्तियानिनीने तिला जिंकून दिली, तेही काकूंनीच सांगितलं, भाकरी थापता थापता. "ती काय रडत बसली व्हय?" ग्रेसिनी तुमचा असेल, पण नादिया काकूंची आहे.

हिशोबाची वहीही काकूंकडेच. मागच्या आठवड्यात तुम्ही बाहेर होतात तेव्हा मी ती चोरून उघडली, माफ करा. त्या तारखेला माझ्या नावापुढे "पडला" असं लिहिलंय. रकमेचा रकाना कोरा आहे.

सोमवारी पट्टा निघतोय. मंगळवारी येतो. आईने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दिली आहे, ती मोठ्या डब्यात. छोट्या डब्यात क्लचचं लिव्हर आहे, नवीन, माझ्या पैशाचं. काकूंना सांगून ठेवा, नाहीतर जेवायला बसल्यावर भलताच डबा उघडाल.

तुमचा,
गेवराईच्या फाट्यावरचा