आरोग्यमंत्री साहेब, विषबाधेच्या पेशंटची लघवी पण मोजायला सांगा

माननीय आरोग्यमंत्री साहेब,

मी डायलिसिस टेक्निशियन. फवारणी करताना अंगावर उडालेलं किंवा पोटात गेलेलं कीटकनाशक (त्याला आपण अजून औषधच म्हणतो, ते वेगळंच), असे पेशंट आमच्याकडे येतात ते चौथ्या-पाचव्या दिवशी, तोंड सुजलेलं, दम लागलेला, आणि नातेवाईक म्हणतात विष तर उतरलं होतं हो, घरी सोडलं होतं.

घोळ इथेच आहे साहेब. ऑरगॅनोफॉस्फेट (फवारणीच्या कीटकनाशकांचा एक प्रकार) म्हटलं की सगळ्यांचं लक्ष श्वास, डोळ्याच्या बाहुल्या आणि ॲट्रोपिन या उताऱ्याच्या इंजेक्शनकडे, ते बरोबरच आहे, आधी जीव तिथेच अडकलेला असतो. पण उलट्या, जुलाब, घाम यातून अंगातलं पाणी जातं, बीपी पडतं, किडनीला रक्त कमी पोचतं, वर स्नायू सारखे थरथरून तुटतात आणि त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन किडनीच्या बारीक नळ्यांत अडकतं. लघवी काळपट चहासारखी होते. पिशवीत दिसत असते ती, बघायला कोणी नसतं. आणि पहिल्या दिवशी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) नॉर्मल आलं म्हणून सगळे निवांत, अरे ते वाढतंच उशिरा!

मागणी काही मोठी नाही. अशा प्रत्येक पेशंटची लघवी तासातासाला लिहा, वजनाच्या दर किलोमागे तासाला 0.5 मिलीच्या खाली सलग 6 तास राहिली तर धोका. क्रिएटिनिन रोज करा, 48 तासांत डेसिलिटरमागे 0.3 मिलिग्रॅमने वाढलं की किडनीच्या डॉक्टरांना लगेच फोन, "बघू उद्या" नको. सलाईन पण मोजून द्या, लघवी बंद असताना बाटल्या लावत राहिलं की पाणी फुफ्फुसात साठतं, तसेही आलेत आमच्याकडे.

अजून एक, डायलिसिस शब्द ऐकला की घरचे हातपाय गाळतात, आता जन्मभर मशीन, त्यापेक्षा घरी नेतो म्हणतात. अहो, अशा अचानक बंद पडलेल्या किडन्या बऱ्याचदा काही आठवड्यांत परत चालू होतात, मशीन तेवढ्यापुरतं असतं. हे समजवायला वॉर्डात कोणीतरी माणूस द्या, आम्ही चालू मशीन सोडून किती बोलणार. आणि डिस्चार्ज कार्डावर 3 महिन्यांनी परत क्रिएटिनिन करायची तारीख लिहायला लावा. आत्ता आमच्यापर्यंत जी कार्डं येतात त्यावर "विषबाधा, बरा" एवढंच असतं.