फ्लॅपचे गणित पुठ्ठ्यावर सोडवून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी माझे सेसना 172 या छोट्या विमानाचे रिमोटवर उडणारे मॉडेल फ्लॅप (उतरताना उचल वाढवण्यासाठी पंखाच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या पट्ट्या) पूर्ण खाली घेऊन दहाव्यांदा सुखरूप उतरले. हे आभार तोंडी मानले असते, पण आपण "अहो, त्यात काय" म्हणून विषय बदलला असता. शिवाय फ्लॅप बसवताना माझ्यासारखीच चूक करणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

पहिले विमान पडले तेव्हा आपण मैदानावर होता. शेवटच्या वळणावर डाव्या सर्वोचे (फ्लॅप हलवणाऱ्या छोट्या मोटरचे) प्लॅस्टिकचे दाते तुटले, तो फ्लॅप हवेच्या दाबाने वर गेला, उजवा मात्र खालीच राहिला आणि त्या बाजूची उचल जास्त झाल्याने विमान डावीकडे कलंडून आपटले. मी सर्वोला दोष देत होतो. आपण तुटलेला पंख उचलून सर्वोची भुजा हलवून पाहिलीत आणि "दोष सर्वोचा नाही, जोडणी चुकली आहे," एवढेच म्हणालात.

एलेरॉन (विमान डावीउजवीकडे कलवणारी पंखावरची पट्टी) वर आणि खाली असा दोन्हीकडे फिरतो, म्हणून मध्यस्थितीत सर्वोची भुजा पुशरॉडशी (भुजेला पट्टीशी जोडणाऱ्या काडीशी) काटकोनात ठेवतात; मी तोच नियम डोळे झाकून फ्लॅपला लावला होता. फ्लॅप एकाच बाजूला उतरतो आणि पूर्ण उतरलेला असताना त्याच्यावर हवेचा जोर सर्वांत जास्त असतो. त्या स्थितीत भुजा आणि पुशरॉड जवळजवळ एका रेषेत आले, तर तो जोर दात्यांवर न येता सर्वोच्या दांड्यावर जातो, हे मला आपण समजावल्यावरच उमगले.

आपण आयते ड्रॉइंग दिले नाहीत, याबद्दल मी विशेष ऋणी आहे. बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आपण फ्लॅपचा छेद तयार केलात, बिजागरीच्या जागी टाचणी खोचलीत आणि फ्लॅपच्या नाकाशी पेन्सिल धरून त्याचा मार्ग ग्राफपेपरवर मला काढायला लावलात. टाचणी पंखाच्या खालच्या बाजूपासून 10 मिलिमीटर खाली होती तेव्हा पंख आणि फ्लॅप यांच्यामधली फट नीट उघडेना. ती 18 मिलिमीटर खाली नेल्यावर फ्लॅप उतरता उतरता मागेही सरकला आणि खालची हवा फ्लॅपच्या पाठीवर नेणारी स्वच्छ फट तयार झाली. खऱ्या सेसनात फ्लॅप रुळांवरून सरकतो, त्यामुळे पंखाखाली अशी लटकती बिजागरी मला कमी प्रतीची वाटत होती. त्या पेन्सिलच्या रेषेने माझे मत बदलले.

दोन्ही सर्वो एका वाय-केबलवर (एकच संकेत दोघांना देणाऱ्या दुफाटी तारेवर) न जोडता त्यांना रिमोटचे वेगळे चॅनेल द्यावेत, म्हणजे दोन्ही फ्लॅपचा शेवटचा कोन स्वतंत्रपणे जुळवता येतो, हा आपला आग्रहही योग्यच होता. फ्लॅप तीन सेकंदांत सावकाश उतरतो आणि त्याबरोबर एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची पट्टी) किंचित खाली जातो, त्यामुळे पूर्वीसारखे नाक वर उसळत नाही.

आता 1920 च्या दशकात हार्लन फाउलर यांनी विकसित केलेल्या, मागे सरकून पंखाचे क्षेत्रफळही वाढवणाऱ्या फ्लॅपचा प्रयत्न करायचा आहे. प्लायवूडमध्ये कापायच्या वळणदार खाचांचे तीन पुठ्ठे मी कापून ठेवले आहेत. त्या खाचांतून सरकणाऱ्या फ्लॅपच्या दोन पिनांपैकी मागची पिन तिसऱ्या पुठ्ठ्यात अडकते. तो घेऊन येत्या रविवारी सकाळी आपल्याकडे येतो.

आपला कृतज्ञ,
सेसनावाला