हनुका यंदा शुक्रवारी सुरू होतोय, वेळ सांभाळा

शालोम मंडळी, हनुका म्हणजे आपल्या ज्यूंचा आठ दिवसांचा दिव्यांचा सण, रोज एक मेणबत्ती वाढवत जायची. त्याची पहिली मेणबत्ती 4 डिसेंबर 2026 ला, शुक्रवारी, आणि आठवीपण 11 ला शुक्रवारीच. म्हणजे दोन्ही दिवशी आधी हनुकाच्या आणि मग शब्बाथच्या (शुक्रवारी सूर्यास्ताला लागणारा विश्रांतीचा दिवस) लावायच्या, उलटं नको, शब्बाथ लागला की काडी ओढता येत नाही. मुंबई-ठाण्यात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो तर ऑफिसातून जरा लवकर सटका. आणि वाढदिवसाच्या केकवरच्या बारक्या मेणबत्त्या शुक्रवारी चालणार नाहीत, अंधार पडल्यावर अर्धा तास तरी जळायला हव्यात. शमाश (बाकीच्या पेटवायची जादाची मेणबत्ती) धरून आठ दिवसांच्या 44 लागतात, दोनचार जास्तीच्या घ्या, मोडतातच. भरायच्या उजवीकडून पण पेटवायच्या डावीकडून, म्हणजे त्या दिवशीची नवी आधी, यावर दरवर्षी वाद होतो म्हणून आत्ताच सांगतेय.

रविवारी 6 ला तिसरी मेणबत्ती सगळे मिळून लावू. तेलाचा सण आहे तेव्हा तळलेलंच आणा, इस्रायलला जॅम भरलेले डोनट म्हणजे सुफगानियोत, मोरोक्कोवाल्यांचे कडं केलेले डोनट म्हणजे स्फेंज, पोलंड-रशियाकडच्यांचे बटाट्याचे तळलेले थालीपीठासारखे लाटके, आपल्याला बटाटेवडेपण चालतील की! फक्त दुधाचं की मटणाचं ते डब्यावर लिहा प्लीज, दोन्ही एकत्र खात नाही ना आपण.