प्राजूची तयारी डेअरीच्या पावतीपासून सुरू होऊ दे

पुणे, ४ जानेवारी

ती. आई आणि बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

प्राजूला लाखाचा लॅपटॉप घ्यायचा का आणि पुण्यात यूआय-यूएक्सचा, म्हणजे ॲपच्या डिझाइनचा, कोर्स लावायचा का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. दोन्हींचं उत्तर आज तरी 'नको' असंच आहे. इंटर्नशिप मे महिन्यात धरायची तर अर्ज मार्चमध्ये जायला हवेत. म्हणजे हातात आठ आठवडे उरतात. तेवढ्यात एकच काम मुळापासून नीट झालं, तर पाच सर्टिफिकेटांपेक्षा त्याचं वजन जास्त पडेल. ते काम आपल्या गावातच आहे आणि बाबांशिवाय होणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. वाचून झालं की पत्र प्राजूला द्या.

बाबा, डेअरीत दूध घातल्यावर मिळणारी पावती डोळ्यांसमोर आणा. तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर, रक्कम, सगळं तिच्यावर छापलेलं असतं. तरी "आज दर कमी का लागला?" हा प्रश्न काउंटरवर येतोच. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, आणि त्याखाली गेलं की पॉइंटमागे कपात होते. पावती आकडे देते, पण त्यांचा एकमेकांशी संबंध दाखवत नाही. अक्षर केवढं, रंग कोणता, बटण कुठे हे ठरवणं म्हणजे यूआय (यूजर इंटरफेस). दूध घालणाऱ्याला कोणता प्रश्न कधी पडतो आणि उत्तर त्याच्या हाती कसं लागेल, हे शोधणं म्हणजे यूएक्स (यूजर एक्स्पीरियन्स). हा शब्द १९९३च्या सुमारास डॉन नॉर्मन यांनी ॲपलमध्ये असताना रूढ केला, तेव्हाही त्यांच्या मनात फक्त पडदा नव्हता, वस्तू वापरण्याचा अख्खा अनुभव होता. आई, प्राजूची चित्रकला चांगली आहे हे खरंच, पण या कामात तिला हातापेक्षा कान जास्त लागणार आहेत.

तिचा विषय असा असावा : दहा दिवसांचं दूधबिल शेतकऱ्याला मोबाइलवर समजेल असं दाखवायचं. इंटर्नशिपसाठी येणाऱ्या कामांत नावाजलेल्या ॲपचं नवं रूप पुन्हा पुन्हा दिसतं. ते दिसतं देखणं, पण ॲप कोण वापरतो, आत कोणती माहिती आहे, कंपनीने एखादी गोष्ट तशीच का ठेवली, यातलं काहीच विद्यार्थ्याला ठाऊक नसतं, आणि दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं. दूधबिलाबद्दल मात्र तिला कुणी काहीही विचारलं, तरी तिने ते स्वतः पाहिलेलं असेल.

पहिले दोन आठवडे तिने लॅपटॉप उघडूच नये. सकाळच्या संकलनाच्या वेळी सचिवांची परवानगी घेऊन चार-पाच दिवस नुसतं उभं राहावं. वहीत दोन रकाने करावेत. डावीकडे जे दिसलं आणि जे ऐकू आलं तेवढंच, उजवीकडे स्वतःचा तर्क. हे दोन्ही एकत्र झाले की पुढे सगळं बिघडतं, कारण आठवड्याने आपलाच अंदाज आपल्याला पुरावा वाटायला लागतो. त्यानंतर सहा-सात जणांशी प्रत्येकी अर्धा तास बोलावं. त्यांत दोन बायका हव्यातच, कारण दूध काढणारी आणि हिशेब ठेवणारी व्यक्ती पुष्कळ घरांत वेगवेगळी असते. "असं ॲप काढलं तर वापराल का?" हा प्रश्न विचारायचाच नाही. समोरचा माणूस पोरीचं मन मोडायला नको म्हणून हो म्हणतो. त्याऐवजी घडून गेलेलं विचारायचं : मागचं बिल कधी बघितलंत, कशावर बघितलंत, आकडा जुळला नाही तेव्हा कुणाकडे गेलात? उत्तर आलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. थोडं थांबलं की माणूस आपण होऊन खरी गोष्ट सांगतो. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारावं, आणि लिहिताना नावं बदलावीत.

तिसऱ्या आठवड्यात कागद. ए-फोर कागदाला तीन घड्या घालून आठ चौकोन करावेत आणि एकाच पडद्याच्या आठ वेगळ्या कल्पना पेन्सिलीने काढाव्यात. पहिल्या तीन सगळ्यांना सुचतात त्याच असतात, उपयोगाचं बहुधा त्यानंतर येतं. चांगल्या वाटतील त्या दोन फिग्मा या डिझाइनच्या ॲपमध्ये न्याव्यात.

इथून पुढे बारकावे आहेत, आणि मराठीचे जास्त. आराखडा ३६० रुंदीच्या फ्रेमवर, म्हणजे पडद्याच्या चौकटीवर, करावा (ही आणि पुढची मापं मिलिमीटरमध्ये नव्हेत, पडद्यावरच्या एककांत आहेत), बरेचसे अँड्रॉइड फोन त्या मापाच्या आसपास असतात. बोटाने दाबायची जागा ४८ च्या चौकोनाहून लहान नको. प्रत्यक्षात ते साधारण ९ मिलिमीटर होतात, आणि कामाने जाड झालेल्या बोटाला तेवढे लागतातच. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण निदान ४.५ला १ हवं, ठळक मोठ्या अक्षराला ३ला १ चालतं. फिकट करडी अक्षरं खोलीत छान दिसतात, पण डेअरीबाहेरच्या उन्हात तीच गायब होतात. कपात फक्त लाल रंगाने दाखवू नये, कारण लाल-हिरवा फरक न कळणारी माणसं असतात. शेजारी वजा चिन्ह आणि शब्दही हवा.

देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात. इंग्रजीसाठी बेतलेलं ओळींमधलं अंतर तसंच ठेवलं, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. १६ मापाच्या अक्षराला २४ ते २६ अंतर द्यावं. अक्षरांमधलं अंतर वाढवायला जाऊ नये, त्याने शिरोरेषा तुटते. इंग्रजीत मथळा कॅपिटलमध्ये टाकून वेगळा दाखवता येतो, आपल्याकडे कॅपिटल नाहीत, त्यामुळे ठळकपणा आणि आकार यांवरच भागवावं लागतं. फॉन्टसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' फुकट मिळतो, त्याची वजनंही भरपूर आहेत. आकडे मराठी की इंग्रजी, हे लोकांसमोर ठेवून ठरवावं. बारीक छपाईत १ आणि ९ यांची गल्लत होते, आणि कीपॅडवरचे आकडे बहुधा इंग्रजी असतात. जे ठरेल ते सगळीकडे एकच ठेवावं. शब्दही लोकांचेच घ्यावेत. बाबा 'कपात', 'उचल' आणि 'वळते केले' म्हणतात, तर पडद्यावर 'समायोजन' कशाला? शिवाय खोटा मजकूर भरून मांडणी करू नये. सोळा अक्षरी आडनाव आणि सहा आकडी रक्कम आली की सुबक मांडणी कुठे फुटते, ते तेव्हाच कळतं.

एक गोष्ट नवखे हमखास विसरतात. ते फक्त सगळं सुरळीत असतानाचा पडदा काढतात. नेट नसताना काय दिसेल? पहिल्याच दिवशी, एकही नोंद नसताना? मशीन बंद पडलं म्हणून फॅट हाताने लिहिला असेल तर? हे पडदे प्राजूच्या फाइलमध्ये असले, तर अनुभवी माणसाची नजर आधी तिथे थांबेल.

बाबा, आता तुमचं काम. पाचव्या आठवड्यात ती पाच जणांकडून चाचणी करून घेईल. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २०००मध्ये मांडलेला हिशेब असा : एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. ही सरासरी आहे, हमी नव्हे. म्हणून पंधरा जणांना एकदम बसवण्यापेक्षा पाच जण, दुरुस्ती, पुन्हा पाच जण असं करावं. पहिल्या पाचांत तुम्ही बसा. ती म्हणेल, "या वेळच्या बिलातून पशुखाद्यापायी किती पैसे गेले, ते यावर बघून सांगा." बटणावर जो शब्द आहे तो तिने प्रश्नात वापरायचा नाही, नाहीतर माणूस नुसता तो शब्द शोधत बसतो. तुम्ही जे मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा. अडलात तर अडलो म्हणा. लेकीचं काम म्हणून सांभाळून घेऊ नका, आणि आई, तू मागून "ते वरचं दाब" असं सांगू नकोस. तिनेही बोट दाखवायचं नाही. तुम्ही कुठे थांबलात, काय चुकीचं दाबलंत आणि किती वेळ गेला, एवढंच लिहायचं. तीन जण एकाच जागी अडले तर दोष त्या पडद्याचा.

फिग्मा ब्राउझरमध्ये चालतं, विद्यार्थ्यांना फुकट आहे, आणि घरातल्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर एवढं काम सहज होईल. पुढे बदलायचाच झाला तर १६ जीबीचा बघू. फ्रेम, ऑटो लेआउट (मजकूर वाढला की मांडणी आपोआप जुळवणारी सोय), कंपोनंट (बटणासारखा पुन्हा पुन्हा वापरायचा भाग), त्याचे व्हेरियंट (वेगवेगळी रूपं) आणि प्रोटोटाइप (दाबून बघता येईल असा नमुना) ही पाच अंगं पक्की झाली की सुरुवातीला पुरे. ऑटो लेआउटवर सगळ्यात जास्त वेळ द्यावा. तो न येणाऱ्याच्या फाइलमध्ये एक शब्द वाढला की सगळं हाताने सरकवावं लागतं, आणि डेव्हलपरला ते लगेच दिसतं. लेयरची, म्हणजे फाइलमधल्या थरांची, नावं 'फ्रेम २३७' अशी राहू देऊ नयेत.

सातवा आठवडा पोर्टफोलिओचा, म्हणजे दाखवायच्या कामांच्या संग्रहाचा. दूधबिल पूर्ण, आणि सोबत एखादं लहान काम. सुरुवातीच्या चार ओळींत कुणासाठी, अडचण काय, तिने स्वतः काय केलं आणि शेवटी काय बदललं, हे यायला हवं. त्यानंतर वहीच्या पानांचे फोटो, पहिला आराखडा, चाचणीत तो कुठे फसला आणि दुसरा कसा झाला. फसलेला आराखडा लपवू नये, मुलाखतीत बोलण्यासारखं खरं तेच असतं. "वापर सोपा झाला" असं मोघम लिहू नये. पहिल्या फेरीत पाचपैकी दोघांना कपात सापडली आणि दुसऱ्या फेरीत चौघांना, असं जे झालं असेल ते आकड्यात लिहावं. पाठवण्याआधी लिंक दुसऱ्याच्या फोनवर, लॉगिन न करता उघडून बघावी. परवानगी न दिल्यामुळे न उघडणाऱ्या लिंका फार येतात, आणि त्यासाठी कुणी उलट मेल करत बसत नाही.

अर्ज शंभर ठिकाणी टाकू नयेत. पंधरा कंपन्या निवडाव्यात, त्यांचं ॲप खरोखर वापरावं आणि मेलमध्ये त्याबद्दल एक नेमकं निरीक्षण लिहावं. काही जण घरी करायला काम देतात. दोन-चार तासांचं असेल तर करावं. आठवडाभराचं, त्यांच्याच चालू ॲपचं, बिनपैशाचं काम मागितलं तर नम्रपणे नाही म्हणावं. नोंदणी, ट्रेनिंग किंवा डिपॉझिट म्हणून पैसे मागणारी इंटर्नशिप घ्यायची नाही. बाबा, या बाबतीत रक्कम पाचशे असली तरी देऊ नका. रुजू होण्याआधी कालावधी, मानधन, तिच्या कामावर देखरेख कोण करणार आणि ते काम पोर्टफोलिओत दाखवता येईल का, हे लेखी घ्यावं. शेवटची गोष्ट राहून जाते, आणि तीन महिन्यांनी दाखवायला हातात काही उरत नाही.

रुजू झाल्यावरचं तेव्हा लिहीन. आत्ता एवढंच सांगते, पहिल्या आठवड्यात तिने तिथली तयार बटणं-रंगांची फाइल अभ्यासावी, नवं बटण काढायला धावू नये.

आणि आई, कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत डेअरीच्या जुन्या पावत्या आहेत, त्या टाकू नकोस. तो थर्मल कागद आहे, उष्णतेने आणि प्लॅस्टिकला चिकटून छपाई उडते. आजच बाहेर काढ, प्राजूला एकेकीचा फोटो घ्यायला सांग आणि तारखेप्रमाणे लावून ठेवा. निदान तीन बिलांच्या, म्हणजे एका महिन्याच्या पावत्या सलग मिळाल्या तर तिचं पहिलं पान तिथूनच सुरू होईल.

तुमची,
मंजिरी