गिरणगाव म्हणजे फक्त संप नव्हे

संपादक साहेब, नमस्कार.

गिरणगावावर, म्हणजे मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या भागावर, कुणी काही लिहायला घेतलं की गाडी थेट १८ जानेवारी १९८२ ला, कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या गिरणी संपावर येऊन थांबते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, मान्य, पण मग घराघरात काय झालं ते कोण सांगणार? म्हणून मला जयंत पवारांचं ‘अधांतर’ नाटक जवळचं वाटतं, सगळं चाळीतल्या एका खोलीत घडतं, गिरणी स्टेजवर येतच नाही, दिसतात ती बेकार पोरं, त्यातला एक गुंडगिरीच्या नादी लागलेला, आणि सगळ्यांना धरून ठेवणारी आई. (त्यावरून निघालेल्या पिक्चरपेक्षा नाटकच भारी, हे माझं मत!)

पण साचेखात्याचा, म्हणजे मागांच्या खात्याचा, खडखडाट, नाकातोंडात जाणारा कापूस, बदलीवाल्यांचं (कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळणाऱ्यांचं) रोज गेटवर ताटकळणं, खानावळवाल्या बाया, हे किती जणांनी लिहिलं? नारायण सुर्वे स्वतः गिरणीत राबलेले, त्यांच्या कवितेत तो घाम आहे. आणि १९९१ च्या शहरविकासाच्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी झाली, त्या व्यवहारावर दमदार कादंबरी मी तरी वाचली नाही. कुणाला माहीत असेल तर नाव छापा, लायब्ररीत शोधतो.

– एक वाचक, लालबाग